पार्केटखालचा कोबा: आधी सपाटी, मग सुकवण

सागवानी ठोकळ्यांची फरशी (पार्केट) दोन पावसाळ्यांतच ठिकठिकाणी उचलली, पाय पडला की टकटक वाजू लागली, तर पहिला संशय लाकडावर जातो आणि दुसरा ॲडहेसिव्हवर. एक ठोकळा उचलून त्याची खालची बाजू पाहा. तिला सिमेंटची भुकटी चिकटून आली असेल तर कोबा, म्हणजे खालचा सिमेंट-वाळूचा थर, कमकुवत होता. ॲडहेसिव्हच्या रेघा न दबता जशाच्या तशा उभ्या असतील तर तिथे खड्डा होता आणि ठोकळा खाली टेकलाच नव्हता. लाकूड खालून काळपट आणि दमट असेल तर ओल. हे तिन्ही दोष सुतार येण्याआधीचे आहेत. एकदा ठोकळे चिकटले की ते उखडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

इथे धरलेलं काम असं: ९ बाय ३ इंचांचे, १८ ते २० मिमी जाडीचे भरीव सागवानी ठोकळे, हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरपी) मांडणी, आरसीसी स्लॅबच्या फ्लॅटमध्ये थेट कोब्यावर चिकटवलेले. तळमजल्याचं आणि बैठ्या घराचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

किती सपाट हवं

२ मीटरची सरळ पट्टी कुठेही, कोणत्याही दिशेने ठेवली तर तिच्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. मिस्त्रीच्या भाषेत एक सूत. लांब फळीचं किंवा लॅमिनेटचं फ्लोअरिंग बारीक खळग्यावरून पुलासारखं निघून जातं. नऊ इंची ठोकळा तसा जात नाही, तो खळग्यात उतरतो आणि शेजारच्या ठोकळ्याची कड वर राहते. पुढे घासाई करणारा ती कड मशीनने काढतो, म्हणजे खालच्या कोब्याची चूक वरच्या लाकडातून वसूल होते. टंग-ग्रूव्हच्या (ठोकळे एकमेकांत अडकवणाऱ्या जीभ-खाचेच्या) वरचं लाकूड जेमतेम ६ ते ८ मिमी असतं. त्यातलं २ मिमी पहिल्याच दिवशी गेलं तर पुन्हा घासाई करून पॉलिश करण्याची एखादी संधी कायमची गेली.

सपाट आणि लेव्हल यांत गल्लत करू नका. १२ फुटांत १० मिमीचा एकसारखा उतार असेल तर ठोकळ्यांचं काही बिघडत नाही आणि डोळ्यालाही कळत नाही. त्याच खोलीत मधोमध ५ मिमीचा उंचवटा असेल तर मात्र बिघडतं. बजेट तोकडं असेल तर उतार राहू द्या, उंचवटे काढा.

पट्टी म्हणून ॲल्युमिनियमची पोकळ चौकोनी नळी चालते, पण आधी तीच तपासा. जमिनीवर ठेवून कडेने पेन्सिलची रेघ मारा, पट्टी उलटी फिरवून त्याच रेघेला लावा. रेघ आणि कड यांत पोट दिसलं तर पट्टी वाकडी आहे. मग ३ मिमीचा ड्रिल बिट घ्या. पट्टीखाली जिथे तो सहज सरकतो तिथे खडूने गोल करा. पट्टी जिथे डुलते, म्हणजे एक टोक दाबलं की दुसरं उठतं, तिथे फुली मारा. भिंतींना समांतर, दोन्ही कर्णांवर आणि दारांच्या उंबरठ्यांत अशी पट्टी फिरवली की खोलीचा नकाशा जमिनीवरच तयार होतो.

उंची मोजायला लेझर असेल तर उत्तम, नसेल तर पाण्याची नळी पुरेशी आहे. नळीत बुडबुडा नको आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत नको. चारही भिंतींवर ३ फुटांची लेव्हल रेघ आखा आणि खोलीभर दोन-दोन फुटांवर त्या रेघेपासून खालपर्यंतचं माप घेऊन जमिनीवरच लिहा. सगळ्यात लहान आकडा म्हणजे सगळ्यात उंच जागा. भरणी किती लागणार हे तीच ठरवते, त्यामुळे एखाद-दुसरा टेंगूळ घासून काढला तर पूर्ण खोलीची भरणी २-३ मिमीने कमी होते. लेव्हलिंग कंपाउंडची (ओतल्यावर पसरून सपाट होणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाची) पोती मागवण्याआधी ग्राइंडर चालवावा, तो याचसाठी.

याच वेळी दारांचा हिशोब करा. ठोकळा २० मिमी, ॲडहेसिव्ह १ ते २ मिमी, लेव्हलिंग ५ मिमी, म्हणजे जमीन साधारण २७ मिमी वर येते. दार तासता येतं, पण मुख्य दाराचा उंबरठा, बाल्कनीच्या स्लायडिंगचा खालचा ट्रॅक आणि बाथरूमची पायरी हलत नाहीत. बाल्कनीचा ट्रॅक लाकडाच्या पातळीत आला तर पावसाचं पाणी सरळ लाकडावर. ही उंची जुळत नसेल तर जुनी फरशी काढण्याला पर्याय नाही.

जुनी फरशी ठेवायची की काढायची

व्हिट्रिफाइड किंवा मोझॅक फरशी घट्ट असेल तर ती ठेवणं शहाणपणाचं. मलबा निघत नाही, स्लॅबवर वजन वाढत नाही आणि खालचा बेड (फरशी बसवलेला मसाल्याचा थर) वर्षानुवर्षं सुकलेला असतो. प्रत्येक फरशी छन्नीच्या मुठीने चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठोकून पाहा. बोदा आवाज आला तर खाली पोकळी आहे. तुरळक फरश्या बोद्या असतील तर तेवढ्याच काढून सिमेंटच्या मसाल्याने भरा. पाचात एक बोदी निघाली तर सगळी काढा.

ठेवलेल्या फरशीची चकाकी ग्राइंडरला डायमंड कप लावून पूर्ण उतरवायची. मोझॅकवर वर्षानुवर्षांचं मेण आणि पॉलिश मुरलेलं असतं. घासल्यावर पाण्याचा थेंब टाका: तो मोत्यासारखा तरंगत राहिला तर मेण अजून आहे, पसरून मुरला तर काम झालं. व्हिट्रिफाइडमध्ये पाणी मुरतच नाही, तिथे ही परीक्षा निरुपयोगी. चकाकी गेली की नाही एवढंच पाहा.

शहाबादीवर ठोकळे चिकटवू नका. तिचे पापुद्रे सुटतात, आणि जुन्या घरांत ती चुन्याच्या किंवा मातीच्या बेडवर असते. वरून कितीही चांगलं ॲडहेसिव्ह लावलं तरी ते पापुद्र्यालाच धरून राहणार.

फरशी काढली तर तिच्याखालचा बेडही पाहावा लागतो. बिल्डरने फरशीखाली वीटतुकडे आणि मलबा भरून वरून पातळ सिमेंट मारलेलं निघणं नवं नाही. जाड खिळ्याने दाबून जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा ओढा. रेघ पांढरी, उथळ उमटली तर बेड पक्का. खिळा रुतला, रेघांमधले चौकोन सुटले, भुकटी निघाली, तर स्लॅबपर्यंत काढा. अशा बेडवर प्रायमर मारून तो "घट्ट करून घेऊ" असं सांगणारे भेटतात. प्रायमर वरचे दोन-तीन मिलिमीटर धरतो, पण लाकूड फुगतं तेव्हा ओढ त्याहून खोल जाते.

सुताराचा आवडता उपाय म्हणजे खाली प्लाय मारून लेव्हल करणे. सपाट कोब्यावर १२ मिमीचा बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, तुकड्यांमध्ये ३ मिमी फट सोडून स्क्रूने आवळला, तर तो चांगला पाया आहे. पण खड्ड्यांवर प्लाय टाकून खाली पाचर सारायच्या असतील तर नको. दोन पाचरींच्या मधला भाग पावलागणिक दबतो, आणि साधा कमर्शियल प्लाय ओल लागली की थराथराने सुटतो.

नवा कोबा

स्लॅबला चिकटून घालायचा कोबा २५ ते ४० मिमी जाडीचा ठेवा. फ्लॅटमध्ये आधी वजन बघा: ४० मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला ८० ते ८५ किलो होतं, म्हणजे १२ बाय १० फुटांच्या खोलीत ९०० किलोच्या आसपास. जुना बेड काढून तेवढाच घालत असाल तर ठीक. जुन्या फरशीवर एवढा थर चढवायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

प्रमाण १:४. एका पोत्यातलं सिमेंट म्हणजे सव्वा घनफूट, म्हणून पोत्याला ५ घनफूट वाळू. १२ बाय १० च्या खोलीला ४० मिमी जाडीसाठी साडेतीन पोती सिमेंट आणि १७ ते १८ घनफूट वाळू लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे पाव ब्रासही लागत नाही. वाळू जाडसर आणि धुतलेली हवी. क्रश सँड वापरत असाल तर त्यातली भुकटी पाहा; प्लास्टरची बारीक वाळू इथे चालत नाही, ती जास्त पाणी मागते आणि कोबा सुकताना तडकतो. माल कोरडसर ठेवा. मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. मजुराला पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून तो पाणी वाढवतो. तिथे उभं राहावं लागतं.

स्लॅबला टाचे मारा (छन्नीने टोचून खरखरीत करा), धूळ व्हॅक्यूमने काढा, आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्या. मग सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सचा (पकड वाढवणाऱ्या रबरी द्रवाचा) रबडा ब्रशने घासून लावायचा आणि तो ओला असतानाच वर माल टाकायचा. एका वेळी १५ मिनिटांत झाकता येईल तेवढ्याच जागेवर रबडा लावा. वाळलेला रबडा हा न लावलेल्याहून वाईट, कारण त्याचाच एक सुटा थर तयार होतो.

लेव्हल रेघेवरून खाली माप उतरवून दीड-दीड मीटरवर ठिय्ये (उंची दाखवणारे मसाल्याचे गोळे) घाला, ते जोडून पट्टे करा, पट्ट्यांमध्ये माल भरून चोपा आणि दोन पट्ट्यांवर टेकवून पट्टी ओढा. चोपण्यात कसूर झाली तर वरून गुळगुळीत दिसणारा कोबा आतून भुसभुशीत राहतो. शेवटचा हात लाकडी रंध्याचा (गवंड्याच्या लाकडी थापीचा). वरून कोरडं सिमेंट शिंपून थापीने घोटायची मिस्त्रींना सवय असते, कारण नुसत्या कोब्याची जमीन तशीच करतात. इथे ती चकचकीत साल नको आहे, ती ॲडहेसिव्हबरोबर उचलून येते.

पाण्याची आळी करून कोबा भिजत ठेवू नका. प्लास्टिक अंथरून कडा दाबा आणि ७ दिवस झाकून ठेवा. तेवढे दिवस पंखे बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खिडकी उघडी राहिली तर पहिल्याच दुपारी बारीक तडे दिसतात.

तडे आले तर ते कसले आहेत ते पाहा. केसासारखे, न हलणारे तडे लेव्हलिंगखाली झाकले जातात. ज्याच्या दोन बाजू वर-खाली आहेत किंवा जो पुन्हा पुन्हा उघडतो, तो तडा कटरने १० ते १५ मिमी खोल उघडा. त्याला आडवे काप दर ८ ते १० इंचांवर द्या, त्यांत लोखंडी क्लिप बसवा आणि इपॉक्सी ओता. इमारतीचा एक्स्पान्शन जॉइंट (हालचालीसाठी मुद्दाम ठेवलेली फट) खोलीतून जात असेल तर तो भरायचा नाही, लाकडापर्यंत तसाच वर आणायचा.

लेव्हलिंग कंपाउंड

शेवटचे ३ ते १० मिमी याचे. सिमेंटचंच घ्या, जिप्समचं आपल्या हवेत नको. पोत्यावर ताकद पाहा: लाकडाखाली ३० न्यूटन प्रति चौरस मिमीचं असलेलं बरं, २५ च्या खाली जाऊ नका. भरीव लाकूड पावसाळ्यात आडवं ढकलतं आणि हलकं कंपाउंड मधूनच फाटतं.

खप मिलिमीटरला चौरस मीटरमागे १.५ ते १.७ किलो. १२ बाय १० ची खोली म्हणजे ११.१५ चौ. मी.; सरासरी ४ मिमी धरली तर ७६ किलो. २५ किलोची तीन पोती म्हणजे ७५, म्हणून चार आणा. निम्म्या खोलीत माल संपला तर मध्ये जी कड राहते, ती घासण्यात अख्खा दिवस जातो.

प्रायमर टाळू नका. सुका कोबा कंपाउंडमधलं पाणी शोषतो, आतली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं पडतात. कोब्यावर पातळ केलेल्या प्रायमरचे दोन हात, फरशीवर रवाळ प्रायमर पाणी न घालता.

ओतण्याआधी भिंतीकडेने ५ मिमी फोमची पट्टी लावा, दारात लाकडी पट्टी सीलंटने चिकटवून बांध घाला आणि वायरिंगच्या नळ्या, ड्रेनच्या फटी बुजवा. कंपाउंड पाण्यासारखं वाट शोधतं, आणि ती वाट कधी कधी खालच्या शेजाऱ्यांच्या सीलिंगमधून निघते.

बादलीत आधी मोजलेलं पाणी, मग पावडर. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं तर माल छान पळतो, पण वर दुधाळ, कच्ची साय धरते. हळू फिरणाऱ्या ड्रिल-मिक्सरने दोन-तीन मिनिटं ढवळा. हाताशी वेळ १५ ते २० मिनिटांचा असतो, म्हणून माणसं तीन हवीत: एक ढवळणारा, एक ओतणारा, एक पसरवणारा. लांबच्या भिंतीपासून दाराकडे या, आधीची कड ओली असतानाच पुढचा माल जोडा आणि खिळ्यांचा रोलर फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी आणि ड्रिल बिट. राहिलेले टेंगूळ घासून काढा.

ओल

सपाटीपेक्षा घात जास्त ओलीने होतो, आणि ती दिसत नाही. कोबा वरून पांढरा, कोरडा झाला तरी आत पाणी असतं. चांगल्या हवेत ५० मिमी जाडीपर्यंत रोज १ मिमी सुकतो असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे ४० मिमीच्या कोब्याला झाकणीचे ७ दिवस सोडून ४० दिवस. जून ते सप्टेंबर हा हिशोब लागू नाही. मुंबई-कोकणात त्या दिवसांत कोबा सुकत नाही. कोबा दिवाळीनंतर घालावा आणि लाकूड जानेवारी-फेब्रुवारीनंतर बसवावं, हे वेळापत्रक सोसायटीच्या किंवा मुहूर्ताच्या तारखेसाठी मोडू नये.

पहिली चाचणी फुकटची. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक जमिनीवर टेपने चारही बाजूंनी हवाबंद चिकटवा, किमान १६ तास ठेवा, दोन-तीन दिवस ठेवलंत तर उत्तम. खाली दव साठलं किंवा कोबा गडद झाला तर थांबा. काही दिसलं नाही म्हणून मात्र पास समजू नका, ही चाचणी वरवरचीच आहे. मोठ्या कामाला मोजणी करून घ्या: कोब्याच्या जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून त्यात सेन्सर ७२ तास ठेवतात, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत हवी. कार्बाइड मीटर (कोब्याचा नमुना घेऊन ओल मोजणारं उपकरण) वापरणारे असतील तर सिमेंट कोब्याला २ टक्क्यांच्या आत. लाकडाचा दोन सुयांचा मीटर कोब्यात खुपसून आलेला आकडा फक्त इकडची जागा तिकडच्यापेक्षा ओली आहे का हे सांगतो.

बाथरूमच्या भिंतीलगत आणि सिंकखाली आकडा वाढलेला दिसला तर ते सुकण्याचं काम नाही, गळती आहे. ती आधी शोधा. गळतीवर इपॉक्सी मारणं म्हणजे पाणी शेजारच्या खोलीत पाठवणं.

तारीख पुढे ढकलणं शक्यच नसेल आणि ओल फक्त कोब्याच्या आतली असेल, तर इपॉक्सीचा ओलरोधक थर देता येतो. घासलेल्या, धूळमुक्त कोब्यावर रोलरने दोन हात, एक उभा, एक आडवा. दुसरा हात ओला असताना त्यावर सुकी क्वार्ट्झ वाळू भरभरून शिंपडा आणि दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून व्हॅक्यूम करा. वाळूशिवाय वरचं काही धरत नाही. हा थर लेव्हलिंगच्या खाली येतो, वर नाही. नाहीतर ओल कंपाउंडमध्ये अडकून तेच मऊ पडतं.

तळमजला आणि बैठी घरं

थेट मातीवर टेकलेल्या जमिनीत ओल संपत नाही, ती खालून येतच राहते. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या जोत्यावर तर नक्कीच. इथे क्रम असा: चोपलेला मुरूम, ९ इंच रबल सोलिंग (दगडांचा थर), ४ इंच पीसीसी (सळईविना काँक्रीट), त्यावर बारीक वाळूचा पातळ थर, २५० मायक्रॉनचं प्लास्टिक आणि वर कोबा. प्लास्टिकचे जोड ६ ते ८ इंच एकमेकांवर चढवून टेप करा आणि कडा भिंतीवर कोब्याच्या उंचीइतक्या वर घ्या. हा कोबा खाली चिकटलेला नसतो, त्यामुळे जाडी किमान ५० मिमी.

वाळवीचं औषध यापूर्वीच. तयार घरात भिंतीलगत फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडून ते भरतात. प्लास्टिक अंथरल्यावर औषधवाला ड्रिल घेऊन आला तर ओलरोधक थराची चाळण होते.

ॲडहेसिव्हच्या आदल्या आठवड्यात

ठोकळे त्याच खोलीत गठ्ठे सोडून, हवा खेळेल असे रचा. लाकडाचा ओलावा पुण्या-नाशकात १० ते १२ टक्के, किनाऱ्यावर १२ ते १४ पर्यंत चालतो. सतत एसी असेल तर ८ ते १०. विदर्भात उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर लागणार असेल तर तो चालू ठेवून ठोकळे मुरू द्या. कोरड्या मे महिन्यात गच्च बसवलेली फरशी कूलर सुरू होताच फुगते. भिंतीकडेने १० ते १५ मिमी जागा मोकळी ठेवायची, त्यात मसाल्याचे ढेकूळ पडलेले असतील तर आत्ताच काढा.

रंगारी आणि पीओपीवाले यांचं काम कोबा घासण्याआधी संपलेलं असावं. जमिनीवर सांडलेला पुट्टीचा थेंब ठोकळ्याखाली अर्ध्या सुताचा उंचवटा करतो, आणि पीओपीची धूळ प्रायमरलाही धरू देत नाही.

शेवटी तीन ठोकळे खोलीच्या तीन भागांत, त्यातला एक बाथरूमच्या भिंतीजवळ, खऱ्या ॲडहेसिव्हने चिकटवा आणि तीन-चार दिवसांनी छन्नीने उखडा. लाकडाचे तंतू फाटले किंवा ॲडहेसिव्ह मधून ताणलं गेलं तर काम सुरू करा. कोब्याची किंवा कंपाउंडची पातळ पापडी ठोकळ्याबरोबर आली तर तेवढा थर पूर्ण खोलीभर घासून काढा, नव्याने प्रायमर द्या आणि पुन्हा तीन ठोकळे लावा.